उतूचे तास

केतकी पाटोळेनं पाळण्यावर ओणवं होऊन बारा दिवसांच्या मुलीच्या कानात तिचं नाव सांगितलं, तेव्हा मांडवातले निम्मे पाहुणे दुसरीकडेच बघत होते. मांडवाच्या टोकाला, चपलांच्या ढिगाजवळ उभा राहून एक साठीचा माणूस रुमालात खोकत होता. त्याच्या आजूबाजूच्या चार खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या.

तो माणूस केतकीचा बाप. नाव अंकुश, पण सगळे नानाच म्हणत. सांगलीत शाळेच्या पोरांची व्हॅन चालवायचे. बायको लवकर गेली, आणि तिच्या मागोमाग दोन वर्षांत बहीणही गेली. बहिणीची सई तेव्हा सहा वर्षांची होती, केतकी पाच. नानांनी दोघींना एकाच ताटात जेवू घालून वाढवलं. सकाळी दोघींच्या वेण्या घालायचे, मग व्हॅन काढायचे. वेण्या तिरक्या व्हायच्या, पण कधी चुकल्या नाहीत.

आज तासगावात सईच्या सासरी तिच्या पहिल्या मुलीचं बारसं होतं. सईच्या नवऱ्याला, हर्षदला, बहीण नव्हती. म्हणून कानात नाव सांगण्याचा आत्याचा मान सईनं केतकीला दिला होता. "आत्या तूच आणि मावशीपण तूच," ती म्हणाली होती. केतकीनं पाळणाही म्हटला, सगळी कडवी, मोठ्या आवाजात. मुलीचं नाव रेवा ठेवलं.

फोटोच्या वेळी सईनं हाक मारली. "मामा, या की. लांब काय उभे राहिलात?"

"खोकला हाय गं. ऱ्हाऊ दे."

"आठ दिवस झाले ना सर्दीला? मग काही होत नाही. या तुम्ही."

तिनंच हाताला धरून त्यांना बसवलं आणि रेवाला त्यांच्या मांडीवर ठेवलं. फोटो निघेपर्यंत नानांनी श्वास रोखून धरला होता. मुलीला परत देऊन ते मांडवाबाहेर गेले आणि मगच खोकले.

सई म्हणाली ते बरोबर होतं, आणि ते तिला केतकीनंच शिकवलेलं होतं. केतकी मिरजेत एका श्वासशाळेत, म्हणजे श्वास तपासायच्या प्रयोगशाळेत, तंत्रज्ञ होती. हिवसर्दीच्या दुसऱ्या लाटेनंतर अशा श्वासशाळा गावोगाव निघाल्या होत्या. हिवसर्दी मोठ्या माणसाला फारसं काही करत नसे. चार दिवस नाक गळायचं, दोन आठवडे खोकला राहायचा. पण दोन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या फुफ्फुसात ती गेली, तर पाचातलं एक बाळ हातचं जायचं.

श्वासपट्टी निघाली ती त्यामुळे. गळ्याशी लावायची, नखाएवढ्या डबीत गुंडाळलेली बारीक फीत. घड्याळाच्या काट्यासारखी ती सरकत राहते आणि माणसानं सोडलेल्या श्वासातले कण तासातासाला टिपून ठेवते. महिनाभराचा श्वास एका फितीवर. रोजच्या रोज ती साध्या वाचकयंत्राला दाखवली की त्या घडीपुरता हिरवा नाहीतर लाल दिवा लागतो. पण श्वासशाळेत ती उलगडून वाचली, तर कुठल्या तासाला त्या माणसाच्या श्वासात किती जिवंत विषाणू होते, आणि ते नेमके कुठल्या पिढीचे होते, हे सगळं निघतं. बाळाच्या घशातला विषाणू आणि फितीवरचा विषाणू यांची कुंडली जुळवली, की कोणाकडून कोणाला गेलं ते बोट ठेवून सांगता येतं.

फिती वाचायला लागल्यावर शास्त्रज्ञांना जे दिसलं, ते लोकांच्या गळी उतरायला तयार नव्हतं. लोक खोकणाऱ्याला भितात. पण खोकला म्हणजे लढाई संपल्यावर शरीरानं काढलेला केर. विषाणू घशात वाढतो तेव्हा शरीराला पत्ताच नसतो. ताप नाही, शिंक नाही. माणूस हसत असतो, जेवत असतो, गात असतो, आणि त्याच तासांमध्ये त्याच्या श्वासातून सगळ्यात जास्त विषाणू बाहेर पडत असतात. पहिली शिंक यायच्या आधीचा एक दिवस आणि नंतरचे दोन. श्वासशाळेतली पोरं त्याला 'उतू' म्हणायची. दूध शांत दिसतं, वळून बघेपर्यंत वर आलेलं असतं. आठव्या-नवव्या दिवशीच्या खोकणाऱ्या माणसाच्या फितीवर मेलेल्या विषाणूंचे तुकडे सापडत, जिवंत एकही नाही.

बारशानंतर केतकी चार दिवस सईकडेच राहिली. रेवाला अंघोळ घातली, शेकलं, रात्री मांडीवर घेतलं. सईला झोप मिळाली. पाचव्या दिवशी केतकी मिरजेला परतली आणि त्याच संध्याकाळी रेवानं दूध ओढायचं सोडलं.

दहा दिवस ती काचेच्या पेटीत होती. अकराव्या दिवशी गेली.

एवढ्या लहान जिवाला पुरतात. खड्ड्यावर माती ओढून झाल्यावर हर्षद उठला आणि सगळ्यांच्या देखत नानांसमोर येऊन उभा राहिला. "तुम्ही खोकत आला होता."

शाळेच्या वाहनचालकांना श्वासपट्टी सक्तीची होती. सर्दीचे पहिले पाच दिवस त्यांची पट्टी लाल होती आणि त्यांनी व्हॅनला हात लावला नव्हता. बारशाच्या आधी तीन दिवस ती हिरवी झाली होती. हे हर्षदला माहीत होतं.

"हिरव्या दिव्याचं मला सांगू नका," तो म्हणाला. "दोनशे माणसांनी तुम्हाला खोकताना बघितलंय."

नानांनी सईकडे बघितलं. आयुष्यभर त्यांना तुम्ही म्हणणारी सई त्या दिवशी पहिल्यांदा एकेरीवर आली. "लांब उभा होतास ना मामा. लांबच का नाही राहिलास?"

बारशाचा तो फोटो कुणीतरी नानांच्या तोंडाभोवती लाल गोल काढून पाठवला. तो तासगावातून सांगलीत आला, सांगलीतून शाळेच्या पालकांच्या फोनवर. अकरा पोरांपैकी सात पोरं त्या आठवड्यात व्हॅनमधून कमी झाली. उरलेल्यातल्या एकीच्या आईनं पोरीला बसवायच्या आधी सीटवर औषध फवारलं, नानांच्या पाठीवरही. नाना आरशात बघत राहिले. पुढच्या सोमवारी शाळेनं कळवलं, तूर्तास येऊ नका.

"मी सिद्ध करते," केतकी म्हणाली. "पंधरा दिवस द्या मला, नाना. तुमचा एक कण सापडायचा नाही तिच्यात."

फिती वाचून घ्यायची मागणी हर्षदनंच केली होती. संसर्गाच्या निष्काळजीपणाचा नवा कायदा आला होता आणि त्याला नानांना आत टाकायचं होतं. रेवाच्या घशातला नमुना इस्पितळात जपून ठेवलेला होता. नानांची फीत होती. बारशाला आलेल्यांपैकी आणखी तेरा जणांच्या गळ्याला पट्ट्या होत्या, त्यांच्याही मागवल्या गेल्या. श्वासशाळेच्या प्रमुख डॉ. हुद्दार बाई आधी नाही म्हणाल्या. नात्यातलं काम नात्यातल्या माणसानं करायचं नाही, असा नियम होता. पण दुसरा तंत्रज्ञ रजेवर होता आणि केतकी नऊ वर्षांत एकदाही चुकलेली नव्हती.

"नंबर टाकून वाच," बाई म्हणाल्या. "आणि जे निघेल ते लिही. बाप असला तरी."

"बाप आहे म्हणूनच नीट वाचीन, बाई."

नानांची फीत तिनं सगळ्यात आधी लावली. दुपारचे साडेबारा झाले होते, बाकीचे डबा खायला गेले होते. पडद्यावर नानांच्या महिन्याभराच्या श्वासाची रेघ उमटली. बारशाच्या नऊ दिवस आधी मोठा डोंगर, मग उतार, मग सपाट. बारशाच्या दिवशी शून्य. फोटोच्या तासाला शून्य. कुंडलीही वेगळीच, रेवाच्या विषाणूशी दूरचंसुद्धा नातं नाही.

केतकी एकटीच मोठ्यानं हसली. फोन उचलून तिनं नानांचा नंबर लावायला घेतला, मग थांबली. नुसतं 'नाना नव्हते' असं सांगून हर्षद ऐकणार नव्हता. कोण होतं ते दाखवलं तरच नानांवरचा डाग पुसला जाणार होता. तिनं एकेक करून बाकीच्या फिती वाचल्या. हर्षदचा चुलता, शून्य. सुईण, शून्य. शेजारचे चौघे, शून्य. तेराव्यापर्यंत कुणाचीच जुळली नाही.

चौदावी तिचीच होती. श्वासशाळेत काम करणाऱ्यांना पट्टी चोवीस तास लावावी लागे. ती रोज दारातल्या वाचकयंत्राला दाखवायची, पण बारसं रविवारी होतं आणि पुढे चार दिवस रजा होती. परत आली तेव्हा दिवा हिरवा होता. रजेच्या दिवसांतला श्वास कुणी वाचलेलाच नव्हता. यादी पुरी करायची म्हणून तिनं फीत लावली.

शनिवारी रात्री रेघ वर चढायला लागली होती. रविवारी सकाळी दहाला ती नानांच्या डोंगराच्या दुप्पट उंच गेली. साडेअकराला सगळ्यात वरचं टोक होतं. पाळणा म्हणताना श्वास जोरानं बाहेर पडतो. सोमवार, मंगळवार रेघ वरच होती. कुंडली शंभर टक्के जुळली.

आजारपण म्हणून तिला एवढंच आठवत होतं की सोमवारी घसा जरा कोरडा वाटला होता. सईनं आलं-गूळ दिला होता. तो खाऊन ती रेवाला न्हाऊ घालायला बसली होती.

दुपारी चारला ती नानांकडे गेली. व्हॅन दारात उभी होती आणि नाना आतल्या सीट पुसत होते. कुणी बसणार नव्हतं, तरी रोज पुसायचे. केतकी मधल्या सीटवर बसली आणि तिनं सगळं सांगितलं, एक तासही न वगळता.

नाना बराच वेळ फडकं पिळत राहिले.

"म्हंजे माझ्याकडनं न्हवतं," ते म्हणाले.

"नव्हतं."

"बरं झालं." मग त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. "सईला सांगितलंस?"

"नाही अजून. उद्या अहवाल जातो."

"तुझं काय हुईल?"

"परवाना जाईल. बाळाजवळ जाण्याआधी पट्टी वाचून बघायची, हे माझ्यासारखीला माहीत पाहिजे, असं कायदा म्हणतो. तीन वर्षं आत, कदाचित पाच. त्याचं काही नाही नाना. सई..."

"तेच म्हंतोय मी." नानांनी फडकं बाजूला ठेवलं. "तिची आई गेली, पोर गेली, मामा गेल्यासारखाच हाय. ऱ्हायलीयास तू एकटी. तू बी गेलीस तर ती पोरगी जगायची न्हाई. लिहू नकोस तुझं नाव."

"मग तुमचं नाव साफ होणार नाही. तुमची फीत कोरी दाखवली तर ते पुढचा शोधतील. शोधत माझ्यापर्यंत येतील."

"मग माझी बी नको दाखवू."

केतकीनं नाही म्हणायला पाहिजे होतं. पुढे कित्येक वर्षं ती आठवत राहिली की त्या क्षणी आपण काय केलं. आपण रडलो, नानांचे पाय धरले, असं तिला आठवायचं. पण त्या सगळ्याच्या आधी छातीवरचा दगड उतरल्यासारखा एक मोठा श्वास तिनं सोडला होता, आणि तो नानांनी ऐकला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दोन्ही फिती निर्जंतुक करायच्या निळ्या दिव्याखाली धरल्या. दहा मिनिटं पुरतात. त्या उजेडात विषाणूची कुंडली तुकडे तुकडे होऊन जाते, वाचण्यासारखं काही उरत नाही. यंत्रातल्या नोंदीही तिनं पुसल्या. अहवालात लिहिलं : बारा फिती निरंक, दोन खराब, निष्कर्ष काढता येत नाही. डॉ. हुद्दार बाईंनी वाचून तिच्या खांद्यावर हात ठेवला. "वडिलांचीच फीत खराब निघावी. वाईट वाटतं गं." आणि सही केली.

खटला उभा राहिला नाही. पण लोकांनी त्याचा अर्थ आपल्यापरीनं लावला. मुलगी श्वासशाळेत आहे, बापाची फीत बरोबर खराब झाली. बापाला वाचवलं तिनं. अर्धं त्यांना बरोबर कळलं होतं. हर्षदनं केतकीशी बोलणं टाकलं. सई मात्र म्हणाली, "तू असं करणार नाहीस. वाचवायचं असतं तर निरंक लिहिलं असतंस ना? तू खोटं लिहिलं नाहीस, एवढं मला पुरे."

पुढे सई आणि हर्षद यांचंही पटेना. घरात दोघंच राहिली की रिकामा पाळणा मध्ये यायचा. पावसाळ्यानंतर सई मिरजेत केतकीच्या फ्लॅटवर राहायला आली. पहिल्याच दिवशी तिनं एक अट घातली.

"तू मामाकडे जातेस?"

"रविवारची जाते."

"मग मी इथं राहू शकत नाही केतकी. त्या घरातून येऊन तू माझ्या ताटाला हात लावणार, ते मला होणार नाही."

केतकी दोन रविवार गेली नाही. नानांना फोनवर तिनं काम आहे म्हणून सांगितलं. तिसऱ्या रविवारी तिला सांगावंच लागलं नाही. नानाच म्हणाले, "तिच्यापाशी ऱ्हा. माझं काय, मी बरा हाय."

दिवाळीच्या तोंडावर नाना स्वतःच आले. हातात दुधाची किटली होती, सईला आवडायचा तसला खरवस केला होता. दार सईनं उघडलं. ती मागे सरली आणि भिंतीला टेकली, जणू कुणी अंगावर आलं होतं. आतून केतकी धावत आली.

"हा इथं का आलाय?" सई म्हणाली. "तू बोलावलंस?"

"नाही. शपथ."

"मग सांग त्याला. तू सांग. एकदा तरी तुझ्या तोंडून ऐकू दे मला."

नाना उंबऱ्याबाहेर उभे होते. त्यांनी केतकीकडे बघून मान थोडीशी हलवली, 'बोल' अशी.

"नाना, तुम्ही इथे यायला नको होतं," केतकी म्हणाली. आवाज तिचाच होता. "तुम्ही त्या दिवशी मुलीला घ्यायला नको होतं. तुमच्यामुळे झालं ते."

नानांनी किटली खाली ठेवली. हात जोडले. "चुकलं माझं, सई. तुझी पोर माझ्यामुळं गेली. जमलं तर मला माफ कर."

सईनं दार लावून घेतलं आणि केतकीच्या गळ्यात पडून ती कितीतरी वेळ रडली. बारशानंतर ती पहिल्यांदाच अशी मोकळी रडली. त्या रात्री ती पोटभर जेवली, आणि केतकीनं तिला वाढलं.

असं दीड वर्ष गेलं. नाना कुपवाडच्या बाजूला एका गोदामावर राखणीला लागले होते. तिथं त्यांना कुणी ओळखत नव्हतं. केतकी बढती मिळून श्वासशाळेत दुसऱ्या क्रमांकावर आली. नव्या पोरांना उतू शिकवायचं काम तिच्याकडे आलं. एका वर्गात, पडद्यावर कुणाची तरी चढती रेघ दाखवत असताना तिची जीभ अडकली आणि पुढचं वाक्य येईना. पोरं बघत राहिली. ती वर्गातून निघाली ती थेट घरी आली आणि सईसमोर बसून तिनं सगळं सांगितलं.

सईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग उठून पाणी आणलं.

"पी."

"सई, मी खरं सांगतेय. माझ्याकडून गेलं. कानात नाव सांगितलं तेव्हा."

"तू साधी शिंकलीसुद्धा नव्हतीस."

"शिंकायच्या आधीच तर..."

"मला माहीत आहे गं ते सगळं. तूच शिकवलंयस." सईनं तिच्या तोंडावरचे केस मागे सारले. "बापासाठी जीव तुटतो तुझा. कळतं मला. पण म्हणून त्याचं पाप अंगावर घेऊ नकोस. असलं काही असेल तर दाखव. फीत कुठाय?"

"मी निळ्या दिव्याखाली जाळली."

"बघ." सई हसली, फार मायेनं. "डॉक्टरकडे जाऊया आपण. झोप नाही तुला किती दिवस."

खरं माहीत असलेला जगात एकच माणूस होता. दुसऱ्या दिवशी दुपारी केतकी गोदामावर गेली. नानांची खोली पत्र्याची होती. आत भिंतीवर तोच फोटो लावलेला होता, बारशाचा. नानांच्या मांडीवर रेवा. फोटोला ताजा हार होता.

"नाना, माझ्याबरोबर चला. सईला सांगा, ती माझं ऐकत नाही. त्या दिवशी व्हॅनमध्ये मी तुम्हाला काय सांगितलं ते सांगा."

नाना तिच्याकडे बघत राहिले. "काय सांगितलंस?"

"की माझ्याकडून गेलं. तुमची फीत कोरी होती."

"तसं तू बोलली हुतीस खरं," नाना सावकाश म्हणाले. "मला बरं वाटावं म्हणून. तुझा सभावच तसला, लहानपणापास्नं." त्यांनी फोटोकडे बोट केलं. "पर मी हुतो ना तिथं. मांडीवर मीच घेतली. श्वास रोखला हुता, पर किती रोखणार? निसटला आसंल." त्यांचे डोळे भरले. "रोज इचारतो तिला, किती दुखलं गं तुला."

केतकीनं त्यांचे खांदे धरले, हलवले, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. तारखा सांगितल्या, तास सांगितले. नाना समजूतदारपणे ऐकत होते, मध्येच "व्हय गं, व्हय" म्हणत होते. गोदामावर येण्याआधी येणारा-जाणारा जे म्हणत होता ते त्यांनी ऐकलं होतं. पोटच्या पोरीच्या तोंडूनही एकदा ऐकलं होतं. शेवटी त्यांनी उठून स्टोव्ह पेटवला आणि तिच्यासाठी चहा टाकला.

नाना त्याच्या पुढच्या साली गेले. हृदय बंद पडलं, पहाटे, गोदामाच्या दारातल्या खुर्चीवर. इस्पितळातून फोन आला तेव्हा केतकी आणि सई नाश्ता करत होत्या. केतकीनं ऐकून घेतलं आणि फोन ताटाशेजारी पालथा ठेवला.

सईनं टेबलावरून हात पुढे करून केतकीचा हात धरला.

"मी त्याला कधीच माफ केलं होतं गं," ती म्हणाली. "सांगायचं तेवढं राहिलं."